गर्ड-क्यूचे सहा प्रश्न आणि आपल्याकडचं ‘पित्त’

प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या एका डॉक्टरांनी विचारलंय: ओपीडी रोज शंभरच्या घरात, त्यात दहा-बारा जण तरी ‘ॲसिडिटी’ सांगत येतात. दुर्बिणीची (एंडोस्कोपीची) सोय जिल्ह्याच्या गावी, म्हणजे पेशंटचा एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. अशा वेळी सिस्टरांकडून गर्ड-क्यू ही सहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि गुण ८ किंवा त्याहून जास्त आले, तर ‘गर्ड’ (जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा आजार) असं निदान करून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या तर चालेल का?

डॉक्टर, गोळ्या सुरू करण्यापुरतं चालेल. पण केसपेपरवर निदान म्हणून ‘गर्ड’ लिहून टाकावं एवढं बळ त्या आकड्यात नाही. आणि ज्या पेशंटला तुम्ही अजून स्वतः पाहिलेलं नाही, त्याच्या हातात हा कागद देऊ नका. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते. माझी प्रॅक्टिस तालुक्याच्या गावात, सत्तावीस वर्षं झाली, आणि ही प्रश्नावली मी गेली नऊ-दहा वर्षं वापरतेय. तुमच्या भागातली माणसं, त्यांचं खाणंपिणं, त्यांची बोली वेगळी असेल, तेवढा फरक धरून वाचा.

आधी ही प्रश्नावली आली कुठून ते पाहू, कारण तिच्या मर्यादा तिथेच आहेत. युरोपातल्या काही देशांत आणि कॅनडात ‘डायमंड’ नावाचा अभ्यास झाला. फॅमिली डॉक्टरांकडे पोटाच्या वरच्या भागाच्या तक्रारी घेऊन आलेले ३०८ पेशंट घेतले, प्रत्येकाची दुर्बीण केली, अन्ननलिकेत बिनतारी कॅप्सूल बसवून ४८ तास आम्ल मोजलं, आणि मग कोणाला खरोखर गर्ड आहे ते ठरवलं. त्या माहितीवरून आधीच्या प्रश्नावल्यांतले उपयोगी ठरलेले सहा प्रश्न निवडले. तीच गर्ड-क्यू, २००९ साली प्रसिद्ध झालेली. ८ गुणांची रेघ धरली तर गर्ड असलेल्या शंभरातले ६५ ती पकडते, आणि गर्ड नसलेल्या शंभरातले ७१ बरोबर बाजूला काढते.

हे आकडे कमी वाटले ना? मलाही वाटले होते. पण त्याच अभ्यासात नुसतं बोलून, लक्षणांवरून निदान करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांचे आकडे ६३ आणि ६३ आले, आणि पोटविकारतज्ज्ञांचे ६७ आणि ७०. म्हणजे सहा प्रश्नांचा कागद साधारण तज्ज्ञाच्या कानाइतका चालला. (प्रश्न ज्या माहितीतून निवडले त्याच माहितीवर तपासले, म्हणून कागदाची बाजू जरा उजळ दिसते, हे मनात ठेवा.) यातून मी शिकले ते एवढंच, की गर्ड नुसत्या लक्षणांवरून ओळखण्याचा आपला आत्मविश्वास आपल्या अचूकतेपेक्षा मोठा असतो. कागदाचा आणि माझाही.

आता तुमच्या ओपीडीचं गणित मांडू. अभ्यासातल्या ३०८ जणांपैकी २०३ जणांना गर्ड होता, म्हणजे दर तिघांत दोघांना. म्हणूनच तिथे ८ ते १० गुण आले की गर्ड असण्याची शक्यता ७९ टक्के निघाली, आणि ११ पासून पुढे ८९. तुमच्याकडे ‘ॲसिडिटी’ म्हणून येणाऱ्या शंभरात खरा गर्ड तीसच जणांना आहे असं समजा. त्या तिसांतले साधारण २० कागद पकडेल आणि १० निसटतील. उरलेल्या सत्तर जणांतल्या २० जणांना गर्ड नसूनही ८ किंवा जास्त गुण येतील. म्हणजे रेघ गाठलेल्या चाळिसांत निम्मेच खरे. तोच कागद, तीच रेघ, पण कोणाला दिला त्यावर उत्तर बदललं. ‘८ म्हणजे गर्ड’ हे वाक्य जिथून आलं तिथली माणसं तुमच्या बाकावर बसलेली नाहीत.

गुण देण्याची पद्धतही एकदा नीट बघून घ्या, पुष्कळ जण तिथे चुकतात. प्रश्न मागच्या सात दिवसांबद्दल आहेत. छातीमागची जळजळ, घशाशी परत येणं, त्यामुळे झोपमोड, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून घेतलेलं औषध या चार प्रश्नांना दिवस वाढतील तसे ० ते ३ गुण. पण पोटाच्या खळगीतलं दुखणं आणि मळमळ हे दोन प्रश्न उलटे आहेत. तिथे ‘एकही दिवस नाही’ म्हटलं की ३ गुण आणि ‘४ ते ७ दिवस’ म्हटलं की शून्य. म्हणजे ठणठणीत माणसाने कागद भरला तरी त्याला ६ गुण मिळतात! आणि ज्याला रोज जळजळ आहे पण सोबत रोज खळगीतही दुखतंय, बाकी काही नाही, तो सहावरच अडकतो. आपल्याकडे असा मिश्र पेशंट फार. तिखट, चहा, तंबाखू, मिशरी, गुडघेदुखीच्या गोळ्या, जठरातला जंतुसंसर्ग हे सगळं एकाच पोटात असतं. सिस्टर बेरीज करून नुसता आकडा वर लिहून देतात, तेव्हा ही गोष्ट झाकली जाते. मी बेरजेच्या आधी सहाही उत्तरं वेगवेगळी वाचते.

यापेक्षाही मोठी अडचण शब्दांची आहे, आणि तुमच्या प्रश्नातला खरा पेच मला तिथेच दिसतो.

छातीमागच्या जळजळीला इंग्रजीत ‘हार्टबर्न’ असा जो एक शब्द आहे, तसा मराठीत नाही. आपल्याकडे ‘पित्त’ आहे, आणि पित्तात काय काय मावतं ते बघा. अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठलं. डोकं एका बाजूने ठणकून उलटी झाली तर पित्त झालं, मग मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून ते ‘पाडायचं’. सकाळी तोंड कडू झालं तर पित्त वाढलं. छातीत जळलं तरी पित्तच. ‘ॲसिडिटी’ हा शब्द आता याच पित्ताच्या जागी येऊन बसलाय, शहरात जास्त. पेशंट ‘मला ॲसिडिटी आहे’ म्हणतो तेव्हा त्याने लक्षण सांगितलेलं नसतं. त्याने त्याचं निदान सांगितलेलं असतं.

एक उदाहरण देते. पस्तिशीची बाई, अंगणवाडीत कामाला. ‘मॅडम, पित्ताने हैराण झालेय.’ आमच्या सिस्टरांनी कागद भरून आणला, गुण १०. मी एकेक उत्तर पाहिलं. छातीत जळजळ: शून्य दिवस. घशाशी आंबट-कडू पाणी: २-३ दिवस. खळगीत दुखणं: नाही, त्याचे ३. मळमळ: २-३ दिवस, त्याचा १. झोपमोड: २-३ दिवस. मेडिकलमधून आणलेली गोळी: २-३ दिवस. बेरीज बरोबर होती. मी विचारलं, ‘पित्त होतं तेव्हा कुठे होतं, हात लावून दाखवा.’ तिचा हात थेट उजव्या कानशिलावर गेला. उजेड नको वाटतो, कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही, उलटी पडली की डोकं उतरतं. कडू पाणी यायचं ते उलटीबरोबर, आणि झोप मोडायची ती डोक्याने. ही अर्धशिशी, मायग्रेन. दोन वर्षं ती सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेत होती. कागदाने तिला ‘७९ टक्के’च्या खणात बसवलं होतं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न कागदावर नसतो: ‘हात लावून दाखवा.’ उत्तर बहुतेक वेळा हातच देतो. तळहात खळगीपासून छातीच्या मधल्या हाडावरून गळ्याकडे वर सरकला, तर गर्डच्या बाजूने माझं मन झुकतं. एकच बोट बेंबीच्या वर टेकवलं, तर जठराचा, अल्सरचा विचार आधी. सगळ्या पोटावरून हात गोल फिरला, ‘फुगतं, गुबारा धरतो’ म्हणाले, तर अपचन, गॅस, बद्धकोष्ठ. आणि मूठ किंवा पंजा छातीवर दाबून धरला, तर कागद बाजूला आणि ईसीजी पुढे.

प्रश्न शब्दशः वाचून दाखवण्यापेक्षा चित्र उभं करावं. कार्लसन आणि डेंट यांच्या १९९८ च्या प्रश्नावलीने हेच केलं होतं. त्यांनी लक्षणाचं नाव न घेता ‘पोटातून किंवा छातीच्या खालच्या भागातून वर गळ्याकडे चढत जाणारी आग’ असं वर्णन दिलं. मी विचारते, ‘जेवल्यावर, वाकून काम करताना, किंवा आडवं झाल्यावर छातीच्या हाडामागून वर गळ्याकडे आग चढते का?’ आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया ‘काळीज जळतंय’ किंवा ‘उरात आग पडते’ म्हणतात; त्यांना नुसतं ‘जळजळ’ विचारलं तर कुणी लघवीची जळजळ सांगेल, कुणी तळपायांची. दुसऱ्या प्रश्नाला, ‘उलटी न होता, नुसतं ढेकरेबरोबर किंवा वाकल्यावर आंबट पाणी, खाल्लेलं, घशाशी येतं का?’ यातलं ‘उलटी न होता’ सोडू नका. वरच्या बाईंचा कागद तेवढ्यासाठी चुकला होता.

दिवस मोजणंही असंच. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस’ याला ‘रोजचंच आहे की’ हे उत्तर सवयीने येतं. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. मी म्हणते, ‘सोमवारच्या बाजारापासून धरा. मंगळवारी झालं? बुधवारी?’ दोन मिनिटं जास्त जातात, पण ‘रोज’चे दोन-तीन दिवस होतात. त्या आठवड्यात एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्राचे उपास होते का तेही विचारा. साबुदाणा, शेंगदाणे आणि दिवसभर चहावर काढलेले दिवस नेहमीच्या आठवड्याचं मोजमाप देत नाहीत. झोपेच्या प्रश्नात ‘त्या जळजळीने’ यावर जोर द्या. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की निम्मं गाव पाणी द्यायला जागं असतं, ती झोपमोड यात धरायची नाही.

औषधाच्या प्रश्नाची गंमत वेगळी नाही, पण परिणाम मोठा आहे. जो माणूस मेडिकलमधून स्वतःच गोळी आणून रोज सकाळी घेतो, त्याची जळजळ गेल्या आठवड्यात शून्य असू शकते. औषधाचे ३ गुण आणि उलट्या प्रश्नांचे ६ मिळून तो ९ वर जातो, आणि लक्षण एकही नाही. अशा पेशंटला ‘गोळी सुरू करण्याआधी कसं होतं’ ते विचारून लिहा. त्या आठवड्याच्या आकड्याला अर्थ नाही.

आता ज्यासाठी मी म्हटलं की पाहिल्याशिवाय कागद देऊ नका, ते. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी अठ्ठेचाळीस वर्षांचा एक शेतकरी संध्याकाळी आला. ‘गॅस धरलाय, छातीत जळतंय.’ दुपारी मटणाचं जेवण झालं होतं. मी रॅनिटिडीनचं इंजेक्शन दिलं, पातळ अँटासिड पाजलं, वीस मिनिटांनी तो ‘हलकं वाटलं’ म्हणाला आणि घरी गेला. दोन तासांनी घामाने निथळत परत आणला. ईसीजीच्या २, ३ आणि एव्हीएफ या पट्ट्यांत एसटी रेषा वर गेलेली, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. जिल्ह्याला पाठवला, वाचला. पण ते दोन तास माझे होते, ते मी विसरले नाही. तेव्हा गर्ड-क्यू असती तर तिनेही त्याला ‘गॅस’च म्हटलं असतं, कारण तिच्यात हृदयाबद्दल एकही प्रश्न नाही. ते तिचं कामच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. चाळिशीपुढचा माणूस, मधुमेही, रक्तदाबाचा, तंबाखू खाणारा, आणि तक्रार नवी किंवा आजचीच, किंवा चढ चढताना, ओझं उचलताना येणारी: आधी ईसीजी, पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत. पहिला ईसीजी चांगला आला आणि त्रास चालूच असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढा. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदय सुटलं असं समजू नका. मधुमेही बायकांमध्ये तर झटका नुसत्या मळमळीने आणि घामानेही येऊ शकतो.

त्यानंतर धोक्याच्या खुणा: घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी असणं, सततची उलटी. यातली एकही असेल तर गुण किती आले याला महत्त्व नाही. दिवसाची मजुरी बुडाली तरी दुर्बिणीला पाठवायचं, आणि का ते घरच्यांना बसवून समजावायचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या तक्रारीलाही मी हाच नियम लावते. लक्षणाच्या जोरावरून आतली इजा कळत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हाताऱ्या माणसांत कित्येकदा अन्ननलिका बरीच सोललेली असते आणि जळजळ नावापुरती.

या दोन चाळण्यांतून जो खाली आला, त्याच्यासाठी गर्ड-क्यू उपयोगाची आहे. ८ किंवा जास्त गुण, आणि जळजळ किंवा घशाशी येणं यांपैकी किमान एकाचे २ गुण, असा पेशंट असेल तर मी दुर्बिणीशिवाय औषध सुरू करते: दिवसाला एक गोळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञ संघटनेचं २०२२ चं मार्गदर्शन अशा वेळी ८ आठवड्यांचा प्रयोग करायला सांगतं, आणि बरं वाटलं तर नंतर गोळी थांबवून पाहायलाही. गोळीबरोबर रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, डाव्या कुशीवर झोपणं, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून साधारण वीतभर उंची, वजन जास्त असेल तर उतरवणं. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, गुडघ्याची डायक्लोफेनॅक, हाडांची आठवड्याची गोळी या औषधांवरही नजर टाका, कित्येकदा दोषी तिथेच सापडतो. खळगीतलं दुखणं मुख्य असेल तर वाट वेगळी: आधी वेदनाशामक गोळ्या बंद करायच्या आणि जठरातल्या जंतूची (एच. पायलोरी) शौच तपासणी. त्या तपासणीच्या आधी दोन आठवडे ही आम्लाची गोळी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असून नसल्यासारखा दिसतो.

तुम्ही पुढे विचाराल, ‘गोळीने बरं वाटलं म्हणजे निदान पक्कं ना?’ नाही. त्याच डायमंड अभ्यासात दोन आठवडे गोळी दिल्यावर गर्ड असलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना बरं वाटलं, आणि गर्ड नसलेल्यांपैकीही ५१ टक्क्यांना. म्हणून मी केसपेपरवर ‘गर्ड’ लिहीत नाही. ‘छातीमागे जळजळ, गर्ड-क्यू ११, धोक्याच्या खुणा नाहीत, ईसीजी नॉर्मल, औषधाचा प्रयोग सुरू’ असं लिहिते आणि खाली थांबवायची तारीख टाकते. निदानाचा शिक्का एकदा पडला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो तसाच पुढे नेतो आणि गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. गोळीने फरकच पडला नाही, किंवा थांबवल्यावर परत सुरू झालं, तर मात्र दुर्बीण हवीच, आणि शक्यतो गोळी २ ते ४ आठवडे बंद ठेवून.

नुसता जुना खोकला, आवाज बसणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, रात्रीची धाप यांसाठी ही प्रश्नावली वापरू नका. ती त्यासाठी बेतलेलीच नाही.

मला तिचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो पाठपुराव्याला. पहिल्या दिवशीचा कागद केसपेपरला टाचून ठेवते. चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच सहा प्रश्न, शक्यतो त्याच सिस्टरांकडून, त्याच शब्दांत. ‘थोडं बरं आहे’ या उत्तरामागे खरं काय आहे ते दोन कागद शेजारी ठेवले की दिसतं: जळजळ ४-७ दिवसांवरून एका दिवसावर आली का, झोप लागते का. झोपमोड आणि वरचं औषध या दोन प्रश्नांची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर त्रास रोजच्या जगण्यावर बेतलाय असं धरतात. हा आकडा खाली आला नाही तर मी गोळी बदलण्याआधी गोळी कधी घेतली ते विचारते. दहातले चार-पाच जण ती जेवणानंतर घेत असतात.

सिस्टरांना हे काम देण्याआधी आठवडाभर तुमच्या शेजारी बसवा. पहिले वीस पेशंट तुम्ही तोंडी विचारा, सिस्टर कागद भरतील. पुढचे वीस सिस्टर विचारतील, तुम्ही ऐका. तुमच्या भागात छातीतल्या आगीला काय म्हणतात, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. तो शब्द कागदाच्या पहिल्या ओळीवर पेनने लिहून घ्या.